टाके आणि टेलिफोन

ऑपरेशन झाले. चार दिवसांनी घरी सोडले. दवाखान्याच्या वहीत लिहिले, 'बरा होऊन गेला.' पण जखम कुठे बरी झाली होती? ती आपल्याबरोबर लोकलमध्ये बसून कसाऱ्याला आली!

आमचेच सांगतो. आमचे अंतर्गळाचे ऑपरेशन झाले. आठव्या दिवशी टाक्यांजवळ लाल झाले, ठणकू लागले. आम्ही म्हटले, उन्हाळा आहे, उष्णतेने झाले असेल. घरच्यांनी हळद लावली. त्याच दिवशी दवाखान्यातून सिस्टरबाईंचा फोन आला. "गुरुजी, कसं काय?"

"बरं आहे," आम्ही म्हटले. बाईंनी तसेच लिहून घेतले.

दोन दिवसांनी पू आला, ताप चढला. गाडीत आसनगाव येईपर्यंत बसवेना. जन्मभर मुलांना खरे बोलायला शिकवले, आणि स्वतः फोनवर खोटे बोललो.

असे का होते? जंतू डोळ्यांना दिसत नाहीत. जखमेत शिरले की हळूहळू वाढतात. पू दिसायला पुष्कळदा पाच-दहा दिवस लागतात. तोवर आपण घरी. म्हणून डॉक्टर ३० दिवस जखमेची चौकशी ठेवतात. आत जाळी किंवा सळई बसवली असेल, तर कधी कधी ९० दिवस.

ही नोंद कशाला? विलायतेत लिस्टर नावाचे डॉक्टर होते. हात-पाय कापावे लागलेल्या त्यांच्या ३५ रोग्यांपैकी १६ दगावले. मग ते जखमेला जंतू मारणारे कार्बोलिक ॲसिड लावू लागले. पुढच्या ४० रोग्यांत ६ दगावले. १८७० साली त्यांनी हा हिशेब छापला. मोजले म्हणून कळले.

आपण मुकाट्याने दुसऱ्याच डॉक्टरकडे गेलो, तर पहिल्याला वाटते, सारे ठीक आहे. हत्यारे नीट शुद्ध होतात का, हात नीट धुतले जातात का, हे मग तो कशाला तपासील? पुढच्या रोग्यालाही तोच त्रास.

तेव्हा जखम रोज पाहा. लाली पसरली, सूज आली, पू किंवा घाण वास आला, टाका उसवला, ताप आला, तर त्याच दिवशी दवाखान्यात कळवा. राख, चुना, शेण काही लावू नका. टाके ओले असताना आवणीच्या चिखलात तर उतरूच नका. शेत कुठे पळून जात नाही. पोट कापून बाळंतपण झाले असेल, तर आशाताई ४२ दिवसांपर्यंत घरी येते. बाळ दाखवता, तसे टाकेही दाखवा. त्यात लाज कसली?

आमची जखम डॉक्टरांनी उघडून धुतली. पुन्हा घरी आलो. पुन्हा फोन. "गुरुजी, कसं काय?"

"थांबा बाई," आम्ही म्हटले. चष्मा शोधला, सदरा वर केला, आणि पाहून मग सांगितले.