रस्ता किती झाला आणि किती जोडला गेला

धान्याचे पोते विकत घेताना आपण वरचे मूठभर दाणे पाहून भाव ठरवीत नाही. पोत्याच्या पोटात नळी खुपसून तळचा नमुना काढतो, तो तळहातावर पसरून पाहतो आणि मगच बोलतो. हा आपल्या धंद्याचा पहिला पाठ होय. परंतु नव्या रस्त्याची वार्ता आली म्हणजे आपणच हा पाठ विसरतो. “काम पाऊण झाले” एवढे ऐकून कोणी गोदामाची जागा घेतो, कोणी वाहतुकीचा करार करतो, कोणी मुलास नवे दुकान थाटून देतो. रस्त्याच्या तळचा नमुना काढावयाचा कसा, हे या लेखात सांगण्याचा प्रयत्न केला आहे. जे सांगितले आहे, त्यातील काही भाग पदरचे नुकसान सोसून शिकलेला आहे.

१. आपल्या चौकाचा अनुभव

दुबलगुंडीचा माल हुमनाबादेस पोहोचला की त्यास चारही दिशा खुल्या होतात. पुणे, सोलापूर, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद, हैदराबाद हा पूर्व-पश्चिम मार्ग पूर्वी नऊ क्रमांकाचा होता, आता तो पासष्ट क्रमांकाचा आहे. नांदेडहून बिदर, हुमनाबाद, कलबुर्गीकडे उतरणारा मार्ग पन्नास क्रमांकाचा. असा चौक लाभणे हे व्यापाऱ्याचे भाग्यच म्हणावे लागेल.

याच चौकाने आपणांस एक धडा फार पूर्वी दिला होता. बिदर-कलबुर्गी हा सुमारे ११० किलोमीटरचा लोहमार्ग व्हावा म्हणून आपल्या पिढीने दोन दशके वाट पाहिली. बिदर ते हुमनाबाद हा भाग आधी तयार झाला. त्या वेळी अनेकांना वाटले की आता आपली तूर रुळावरून कलबुर्गीस जाणार. तथापि पुढे डोंगर होता आणि मरगुत्तीच्या बाजूस बोगदा पाडावयाचा होता. तो पुरा होईपर्यंत तयार झालेले रूळ कलबुर्गीच्या व्यापारास उपयोगी नव्हते. अखेर २९ ऑक्टोबर २०१७ रोजी हा मार्ग राष्ट्रास अर्पण झाला. झालेल्या कामाची लांबी मोठी होती, पण अडलेले काम एका डोंगराएवढे होते आणि व्यापार त्या डोंगरापाशी थांबला होता.

२. समृद्धी महामार्गाचे चार टप्पे

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर अभ्यासावयाची असेल तर मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गासारखे दुसरे उदाहरण नाही. तो आपल्या तालुक्यातून जात नाही. परंतु वाशीम, जालना या बाजारांशी व्यवहार ठेवणारे सभासद आपल्यात आहेत. शिवाय कारंजा आणि शिरपूर ही आपली पूज्य क्षेत्रे ज्या वाशीम जिल्ह्यात आहेत, तो जिल्हाही या मार्गावर आहे. यास्तव हा रस्ता आपणांस अगदीच परका नाही.

महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये या मार्गाची घोषणा केली. काम महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळाकडे सोपविण्यात आले. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या याच महामंडळाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग बांधला होता. नव्या मार्गाची लांबी ७०१ किलोमीटर, मार्गिका सहा, जिल्हे दहा आणि गावे ३९२. बांधकामाचे सोळा भाग पाडून ते निरनिराळ्या ठेकेदारांना देण्यात आले. जमिनीसाठी आरंभी शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र करून त्यांना विकसित भूखंड देण्याची योजना होती. तिला नाशिक, ठाणे या जिल्ह्यांत विरोध झाला. पुढे थेट खरेदीचा मार्ग घेण्यात आला आणि दर वाढवून दिल्यावर जमीन मिळू लागली.

आता टप्पे पाहा. नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर, ११ डिसेंबर २०२२. शिर्डी ते भरवीर ८० किलोमीटर, २६ मे २०२३. भरवीर ते इगतपुरी २५ किलोमीटर, ४ मार्च २०२४. इगतपुरी ते आमणे ७६ किलोमीटर, ५ जून २०२५. बेरीज बरोबर ७०१.

वाचकांनी या आकड्यांवर थोडा वेळ थांबावे. शेकडा चौऱ्याहत्तर रस्ता पहिल्याच दिवशी खुला झाला. शेवटचा टप्पा एकूण लांबीच्या शेकडा अकराहूनही कमी. परंतु तो खुला होण्यास पहिल्या टप्प्यानंतर जवळजवळ अडीच वर्षे लागली. कारण उघड आहे. शेवटच्या टप्प्यात सह्याद्री उतरावयाचा होता. इगतपुरीनजीक पावणेआठ किलोमीटरांच्या सुमाराचा जोडबोगदा पाडावा लागला, आणि त्यापुढे शहापूरच्या बाजूस खोल दऱ्यांवर उंच पूल उभे करावे लागले. पठारावरील दहा किलोमीटर आणि घाटातील दहा किलोमीटर हे कागदावर सारखे दिसतात. वस्तुतः ते ज्वारी आणि वेलदोडा एकाच मापाने मोजण्यासारखे आहे.

३. एका चुकीच्या हिशेबाची हकीकत

फेब्रुवारी २०२३ मधील गोष्ट. कारंजा भागातील तूर एका अडत्यामार्फत घेऊन ती भिवंडीच्या गिऱ्हाइकास पोहोचविण्याचा सौदा मी केला. उशीर झाल्यास दर दिवसामागे कसूर कापावी, अशी अट गिऱ्हाइकाने घातली आणि मी ती हसत मान्य केली. माझा हिशेब साधा होता. रस्ता पाऊण खुला आहे, तेव्हा वेळही त्याच मानाने वाचेल.

ट्रक शिर्डीस माझ्या हिशेबाप्रमाणे पोहोचला. तेथून पुढे मात्र जुना रस्ता, सिन्नर, घोटी आणि कसाऱ्याचा घाट. शिर्डीनंतर माझा हिशेब मोडला. मी दुकानातून फोनवर फोन केले. चालक माझ्या मुलाच्या वयाचा होता. “दादा, रात्रभर डोळा लागला नाही, तासभर थांबतो,” असे तो म्हणाला. त्यावर, “आधी माल पोहोचव, मग पोटभर झोप,” असे मी म्हटले. हे शब्द माझेच होते. ते मला अद्याप आठवतात. घाट उतरताना त्याचा डोळा लागला. ट्रक आतील बाजूस डोंगराला घासत गेला म्हणून जीव वाचला, दरीकडे गेला असता तर काय झाले असते हे सांगावयास नको. चार पोती फाटली, आणि त्या मुलाचा उजवा हात कोपराखाली मोडला.

उपचाराचा खर्च मी दिला. कापलेली कसूर वहीत नावे टाकली आणि ती त्या वर्षीच्या नफ्यातोट्यात मिटून गेली. परंतु तो हात पूर्वीसारखा वळत नाही आणि मुलाने जड वाहन सोडले. या खात्याची बाकी कोणत्या पाडव्यास मिटवावी, हे मला समजलेले नाही.

या प्रकरणात माझी चूक एकच नव्हती. मी लांबी मोजली, जोडणी मोजली नाही, ही पहिली. न झालेल्या रस्त्याचा वेळ दुसऱ्याच्या झोपेतून वसूल करू पाहिला, ही दुसरी आणि मोठी.

४. काम कसे पाहावे

त्यानंतर मी एक स्वतंत्र वही घातली. ज्या रस्त्यावर आपला व्यवहार अवलंबून आहे त्यासाठी प्रत्येक सभासदाने अशी वही ठेवावी. तिचे पाच रकाने आहेत.

पहिला रकाना जमिनीचा. राष्ट्रीय महामार्गासाठी १९५६ च्या कायद्यान्वये जमीन घेतली जाते. कलम ३-ए खालील अधिसूचना म्हणजे केवळ इरादा होय. हरकती ऐकून झाल्यावर ३-डी खालील घोषणा निघते आणि तेव्हाच जमीन केंद्र शासनाकडे जाते. पहिल्या अधिसूचनेपासून एका वर्षात घोषणा न निघाल्यास ती अधिसूचना निष्फळ ठरते. यास्तव नुसत्या इराद्यावर विसंबून रस्त्याकाठची जमीन घेणे म्हणजे पाऊस पडण्यापूर्वी पीक विकणे होय.

दुसरा रकाना मातीकामाचा. आपली काळी जमीन पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तीवर तसाच रस्ता टाकला तर तो टिकत नाही. ती माती काढून किंवा सुधारून मुरमाचे थर द्यावे लागतात, पाणी मारून रोलरने दाबावे लागतात. दुरून हाच भाग रस्त्यासारखा दिसतो आणि “रस्ता झाला” ही वार्ता येथेच जन्म पावते.

तिसरा रकाना पूल, बोगदे आणि लोहमार्गावरील पूल यांचा. हा रकाना लाल शाईने लिहावा. सर्व मार्गाचा दिवस येथे ठरतो.

चौथा रकाना चढ-उताराच्या ठिकाणांचा. अशा द्रुतगती मार्गास दोन्ही बाजूंनी कुंपण असते; वाटेल तेथून गाडी आत घेता येत नाही. शेताच्या बांधावरून रस्ता गेला तरी त्यावर चढण्यास दहावीस किलोमीटर फिरावे लागू शकते. म्हणून आपले गोदाम रस्त्यापासून किती दूर हे न विचारता प्रवेशाच्या ठिकाणापासून किती दूर हे विचारावे.

पाचवा रकाना विसाव्याचा. गाडी थांबविण्यास जागा, इंधन, पिण्याचे पाणी, टायरची दुरुस्ती, निजण्याची सोय. समृद्धी महामार्गावर आरंभीच्या काळात या सोयी तोकड्या होत्या. सरळ, एकसुरी रस्त्यावर चालकास गुंगी येते. थांबावयास जागा नसेल तर ती गुंगी जीवघेणी ठरते.

५. वेग आणि व्रत

१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजानजीक याच महामार्गावर एका खाजगी बसला अपघात होऊन आग लागली आणि पंचवीस प्रवासी मृत्यू पावले. पुरता महिना उलटला नाही तोच १ ऑगस्टच्या पहाटेपूर्वी शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे पुलाचे तुळईकाम चालू असता अवजड यंत्र कोसळले आणि वीस जण ठार झाले. ज्या शेवटच्या टप्प्याची आपण अधीरतेने वाट पाहत होतो, त्याच टप्प्याचे ते कामगार होते. आपल्या अधीरतेचे मोल कोण देतो, याचे उत्तर या दोन दिवसांत आहे.

आपल्या आचार्यांनी हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले. गृहस्थास उद्योगी हिंसा सर्वस्वी टाळता येत नाही, म्हणून ती यतनेने कमी करावी असे सांगितले. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण, म्हणजे शक्तीबाहेर ओझे लादणे, हा एक आहे. पूर्वी हा दोष बैलाच्या पाठीवर पाहत असत. आज तो ट्रकच्या चाकांवर पाहावा, आणि चालकाच्या जागरणातही पाहावा. तद्वत् दिग्व्रतात श्रावक दाही दिशांस मर्यादा घालतो आणि लोभाने क्षेत्रवृद्धी करणे हा त्या व्रताचा दोष मानला आहे. नवा रस्ता झाला म्हणजे क्षेत्र वाढविण्याचा मोह होतो. ते वाढविण्यास धर्माची आडकाठी नाही, पण आधी विचारपूर्वक मर्यादा ठरवावी, मागाहून मोहाने ओलांडू नये.

आणखी एक गोष्ट. आपले मुनी आणि साध्वी चार हात पुढील भूमी पाहून पायी विहार करतात. कुंपणाच्या द्रुतगती मार्गावर पायी जाण्यास मनाई असते. त्यामुळे त्यांचा विहार जुन्या रस्त्यांवरूनच होणार, आणि आपले ट्रकही तेथूनच धावणार. विहाराची वार्ता कळताच आपल्या वाहतूकदारांस ती कळविणे, हे प्रत्येक सभासदाने आपले काम मानावे.

६. उपसंहार

सुरत-चेन्नई मार्गाच्या आखणीत अक्कलकोट आणि कलबुर्गी ही नावे आल्यापासून आपल्या भागातही जमिनीची बोलणी सुरू झाली. अशा वेळी संघाच्या कार्यालयात एक फलक लावावा आणि त्यावर वरील पाच रकाने दर महिन्यास भरावे, अशी माझी नम्र सूचना आहे. भरणाऱ्याने ऐकीव लिहू नये. अधिसूचना वाचून किंवा प्रत्यक्ष पाहून लिहावे. आपली मॅट्रिकची मुलेमुली हे काम आनंदाने करतील आणि त्यांचा अभ्यासही होईल.

माझ्या पेढीपुरते मी तीन नियम केले आहेत. खुल्या न झालेल्या रस्त्याच्या भरवशावर मुदत द्यावयाची नाही. वाहतुकीच्या करारात चालकाच्या झोपेचे तास लिहावयाचे. आणि गाडी घाटात असता फोन करावयाचा नाही. या नियमांमुळे काही सौदे हातचे गेले. गेले ते गेले. माल एक दिवस उशिरा पोहोचला तरी तो मालच राहतो.

जय जिनेंद्र.