घोड्यावर एका अंगाला बसायचं असेल तर

अवसरी खुर्द, मंचर, पेठ या आमच्या पट्ट्यात आता नवरीही घोड्यावरून मांडवात येते. नवरदेवाचा मान होता तो मुलींनी घेतला, याचा मला मनापासून आनंद आहे. काळजी वाटते ती बसण्याच्या पद्धतीची. शालू चुरगळू नये, फोटो चांगला यावा म्हणून नवरीचे दोन्ही पाय एका अंगाला सोडतात, हाताला खोगिराची पुढची कड देतात आणि वाजंत्री सुरू होतं. माझ्या लग्नात मला असंच बसवलं होतं.

घोडी देखणी होती, अंगानं भरलेली आणि माणसाळलेली. पण ती बैलगाड्याच्या शर्यतीच्या घाटातली होती. आमच्याकडच्या शर्यतीत बैलांच्या पुढे घोडीस्वार धावतो आणि बैल त्या घोडीच्या मागे लागतात, हे या भागातल्या वाचकाला सांगायला नको. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४च्या बंदीनं थांबलेल्या शर्यती डिसेंबर २०२१मध्ये अटींसह पुन्हा सुरू झाल्या, तशा अशा घोड्या गावोगाव पुन्हा दिसू लागल्या. घाटातल्या घोडीला शिकवण एकच असते: गलका झाला, हलगी कडाडली की जीव खाऊन पुढं सुटायचं. वेशीजवळ ताशा वाजला, पोरांनी आरोळी दिली आणि तिनं शिकवल्याप्रमाणेच केलं. माझं तोंड डावीकडं, घोडी माझ्या उजव्या हाताला निघून गेली. मी मागं पुठ्ठ्यावर कलले आणि पाठीमागच्या बाजूनं खाली आले. मनगटाचं हाड मोडलं. मंचरला नेऊन प्लास्टर घातलं, मुहूर्त टळला, लग्न संध्याकाळी लागलं. डोकं दगडावर आपटलं नाही, एवढंच नशीब.

घोडीवाल्या काकांना मी कधी बोल लावला नाही. घोडीला तर नाहीच. पण माझी पकड कशावरच का नव्हती, हा प्रश्न मनातून जाईना. स्कूटरवर, मोटारसायकलवर आपण साडीत एका अंगालाच बसतो, त्यामुळे हे आपल्याला ओळखीचं वाटतं. मोटारसायकल बुजत नाही आणि तिच्यावर पुढं बसलेल्या माणसाला धरता येतं, हा फरक घोड्यावर बसल्यावर कळतो.

हात बरा झाल्यावर पुण्याजवळच्या एका शाळेत घोडेस्वारी शिकायला गेले. तिथले उस्ताद लष्करातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे एक जुनं साइडसॅडल होतं, बायकांसाठीचं इंग्रजी जीन. ते पाहिलं आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. त्या जिनाला डाव्या बाजूला दोन शिंगं असतात. वरचं पक्कं असतं, त्यावरून उजवी मांडी आडवी जाते. खालचं वाकडं असतं आणि ते डाव्या मांडीच्या वर येतं. घोडा बुजला की उजवी मांडी वरच्या शिंगाला आवळायची, डावी टाच उचलून डावी मांडी खालच्या शिंगात दाबायची. स्वार दोन्ही शिंगांत अडकून बसतो. म्हणजे इथंही मांड असते, फक्त ती घोड्याच्या दोन अंगांऐवजी दोन शिंगांवर असते.

हे खालचं शिंग १८३०च्या सुमाराचं. त्याआधी युरोपातल्या खानदानी बायका शेकडो वर्षं एका अंगाला बसत होत्या. सुरुवातीच्या काळात तर त्या गादीवर बसून पाय एका फळीवर ठेवायच्या आणि घोडा दुसराच माणूस चालवायचा. आपली नवरी आज जशी बसते, अगदी तशाच. दुसरं शिंग आलं आणि त्याच बायका घोडा चौखूर दौडवू लागल्या, कुंपणांवरून उड्या मारू लागल्या. इंग्लंडची राणी दुसरी एलिझाबेथ १९८१च्या जूनमध्ये लंडनच्या संचलनात बर्मीज नावाच्या घोडीवर साइडसॅडलनं चालली होती. गर्दीतल्या एका मुलानं पिस्तुलातून सहा बिनगोळीची काडतुसं उडवली. घोडी बिथरली, राणीनं काही क्षणांत तिला आवरलं आणि संचलन पुढं गेलं. सहा बार तिथं झाले, माझ्या वेळी नुसता ताशा होता. मांड असणं आणि नसणं यात एवढं अंतर आहे.

तरीही उस्तादांनी मला आधी त्या जिनाला हात लावू दिला नाही. पहिले काही महिने दोन्हीकडे पाय टाकून कदम, दुडकी, मग धाव. लगामाला न लोंबकळता तोल सांभाळता आला, तेव्हाच शिंगांचं जीन निघालं. शिकणाऱ्या प्रत्येकीनं हाच क्रम धरावा असं माझं ठाम मत आहे. साइडसॅडलवर उजवा पाय घोड्याच्या अंगाला लागतच नाही, त्याचं काम उजव्या हातातल्या लांब छडीनं करावं लागतं. दोन्ही पायांनी घोडा चालवता येत नसेल, तर एका पायानं आणि छडीनं तो चालवणं दूरच राहिलं.

जीन जुनंच मिळणार हे धरून चाला. म्हणून आधी ते उलटं करून बघा. तंगाचे पट्टे जिथं शिवलेले असतात तिथलं चामडं वाळून तडकलंय का, शिंगं हलतात का, आतला सांगाडा दाबल्यावर कुरकुरतो का? यातलं एक जरी असेल तर ते जीन भिंतीवर शोभेला टांगा. घोडाही निवडून घ्यावा लागतो. जीन डावीकडं ओढलं जातं, म्हणून खांद्यामागचा उंचवटा ठळक असलेला घोडा हवा. गोल पाठीच्या लठ्ठ तट्टावर ते फिरून पोटाखाली जाईल. मागून उजवीकडून खाली येणारा एक जादा पट्टा तोल राखतो, तो नसेल तर बसू नका. तंग आवळा, थोडं चालवा, पुन्हा आवळा, कारण पहिल्या वेळी घोडा पोट फुगवतो.

चढताना कट्टा वापरा आणि कुणाला तरी लगाम धरायला सांगा. आधी नेहमीसारखं दोन्हीकडे पाय टाकून बसा, मग उजवा पाय सावकाश पुढून शिंगावर आणा. बसल्यावर कंबर आणि खांदे घोड्याच्या कानांच्या रेषेत सरळ हवेत. खरी गोम इथंच आहे. पाय डावीकडं म्हणून अंगही डावीकडं वळतं, सगळं ओझं त्या बाजूला जातं, मग स्वाराची कंबर धरते आणि घोड्याच्या पाठीला जखम होते. वजन उजव्या मांडीवर ठेवायचं, हे मला शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला. उस्ताद मागं उभे राहून माझा अंबाडा घोड्याच्या शेपटीच्या सरळ रेषेत आहे का, एवढंच बघायचे. डाव्या रिकिबीची लांबी अशी ठेवा की मांडी आणि खालचं शिंग यांत चार बोटं मावतील. जास्त आखूड केली की पाय कायम दाबलेला राहतो आणि बधिर होतो.

कपड्यांबाबत ऐका. लांब घेर शिंगात अडकून बायका घोड्यामागं फरपटत गेल्या, म्हणूनच विलायतेत विजारीवरून बांधायचा, पटकन सुटणारा अर्धा घागरा निघाला. पदर, ओढणी, लोंबता शेला यातलं काहीही नको. डोक्यावर शिरस्त्राण हवंच.

आता थोडं आपल्या घराकडं बघू. आपल्याकडं पूर्वी बायकांत या शिंगांच्या जिनाची रीत नव्हती. कासोट्याच्या लुगड्यात दोन्हीकडे पाय टाकून त्या बसत. कागलच्या घाटग्यांची लेक आणि दौलतराव शिंद्यांची राणी बायजाबाई ग्वाल्हेर सोडावं लागल्यावर १८३५मध्ये फतेहगडला तळ देऊन होत्या. तिथं फॅनी पार्क्स ही इंग्रज बाई त्यांना भेटली. स्वतःचं एका अंगाचं बसणं तिनं करून दाखवलं, शिंद्यांकडच्या बायकांना त्याचं नवल वाटलं. मग ती स्वतः मराठमोळ्या वेशात मराठी पद्धतीनं घोड्यावर बसली आणि हे बसणं फार सुरक्षित वाटतं असं तिनं आपल्या प्रवासवर्णनात नोंदवलं. मी दोन्ही तऱ्हांनी घोडा चालवला आहे आणि तिचं म्हणणं मला पटतं. साइडसॅडल ही सुंदर कला आहे, ती जरूर शिकावी. ज्यांचा उजवा पाय नीट पकड घेत नाही, अशा काही जणींना तर ती खरोखर सोयीची पडते. पण वरातीच्या पाच मिनिटांसाठी ती उपयोगाची नाही.

म्हणून घरातल्या मोठ्यांना माझी विनंती आहे. घोडी ठरवताना ती घाटात पळते का, हे आधी विचारा. पळत असेल तर दुसरी बघा. नवरीला नऊवारी कासोटा घालून दोन्हीकडे पाय टाकून बसवा, दोन्ही बाजूंना घोड्याची सवय असलेली माणसं चालू द्या, आणि ती खाली उतरेपर्यंत ताशा, डीजे, फटाके बंद ठेवा. हे जमणार नसेल तर तिला चालत येऊ द्या.