साप पाळायचा, तर आधी त्याची लपायची जागा बघ

लखनौ छावणीत तुला उंच छताचं जुनं क्वार्टर मिळालंय आणि तिथं तू बॉल पायथन पाळणार आहेस, हे तुझ्या आईनं फोनवर सांगितलं. ती धास्तावलीय. मी नाही. तिथल्याच लष्करी वैद्यकीय दलाच्या एएमसी सेंटरच्या परिसरात तुझ्या काकांबरोबर माझी बरीच वर्षं गेली आहेत. त्याआधी, पुण्यात कात्रजला नीलिमकुमार खैरे यांनी 1986 साली सर्पोद्यान उभं केलं, तेव्हा आम्ही कॉलेजातली मुलं तिथं पिंजरे धुवायला जायचो. तेव्हापासून जे शिकले ते सांगते.

कागदांचं आधी उरकू. आपला अजगर, नाग, धामण यांतलं काहीही घरात ठेवायचं नाही. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. बॉल पायथन आफ्रिकेतला, पण साइट्स या वन्यजीव-व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतला, म्हणून 2024 च्या नियमांप्रमाणे परिवेश पोर्टलवर त्याची नोंद करावी लागते. देणाऱ्याकडेच नोंद नसेल, तर साप कितीही देखणा असो, घेऊ नकोस.

आता मुद्द्याचं. हौशी माणूस साप दिसावा म्हणून भलीमोठी काचपेटी घेतो आणि आत आडोसा ठेवतच नाही. बॉल पायथन रानात उंदरांच्या बिळांत आणि वाळवीच्या जुन्या वारुळांत दिवस काढतो. त्याला अंग चोरायला जागा मिळाली नाही, की तो खाणं सोडतो, रात्रभर काचेला नाक घासत फिरतो, नाकाडावर जखम करून घेतो. लपायला मनाजोगती जागा मिळाली, तर तोच साप तिन्हीसांजेला आपणहून दारात डोकं काढून बसतो. दिसावा असं वाटत असेल, तर त्याला लपू दे.

आडोसे दोन हवेत, एक ऊबदार कडेला आणि एक थंड कडेला, आणि दोन्ही सारखेच. एकच ठेवलास तर त्याला सुरक्षितपणा आणि ऊब यांतलं एक निवडावं लागतं, आणि तो सुरक्षितपणाच निवडतो. मग थंड कोपऱ्यात बसून राहिला, की पोटातला उंदीर पचत नाही, उलटून पडतो. ऊबदार आडोशाखाली 31–32 अंश, थंड बाजूला 25 ते 27. थर्मामीटरचं टोक काचेवर नको, साप जिथं पोट टेकतो तिथं ठेव. हीट मॅट थर्मोस्टॅटशिवाय लावायचीच नाही. सापाला पोटाखालचा चटका वेळेवर कळत नाही, भाजून निघतो तरी हलत नाही.

माप कसं घ्यायचं? वेटोळं घातल्यावर अंग तीन बाजूंनी टेकलं पाहिजे. ऐसपैस जागा त्याला नको असते. पिल्लू असेल तर नारळाची करवंटी, तोंड कापून, कडा पॉलिशपेपरनं घासून. मोठी मादी चार-पाच फुटांची होते, तिला कुंभाराकडून पसरट कुंडी आणून उपडी घालायची. इथं एक नीट ऐक: कुंडीच्या बुडाला पाणी जायचं भोक असतं. साप त्यात डोकं घालतो, मान पुढं सरकते, पण खवले मागं वळलेले असल्यानं उलट निघता येत नाही, आणि सुटायच्या धडपडीत अंग सुजतं. ते भोक आतून प्लास्टर ऑफ पॅरिसनं पक्कं बुजव, वाळू दे. चिकटपट्टी मात्र पेटीत कुठंही नको. ती सुटून सापाला चिकटली तर खवल्यांसकट कातडी उतरते. आडोशाचं दार सर्वात जाड भागापेक्षा रुंद हवं, तेही जेवून फुगलेल्या पोटाच्या मापानं.

आणि जागा तुझ्या हाताच्या पोहोचीतली हवी. आडोसा वरून अलगद, एका हातानं उचलता यावा. दगडांवर दगड रचून गुहा करशील, तर साप आजारी पडल्यावर ती पाडत बसावं लागेल; शिवाय भुशावर ठेवलेला दगड तो खालून उकरतो आणि स्वतःवर पाडून घेतो. जड वस्तू पेटीच्या तळावरच टेकव. भुसा देवदाराचा नको, त्याच्या तेलाचा वास सापांना बाधतो. हात दारातून आत कधी घालायचा नाही. आडोसा मागून उचल, सापाला क्षणभर उजेडाची सवय होऊ दे, मग मधोमध धर. खाल्ल्यानंतर दोन दिवस आडोशाला हातसुद्धा लावायचा नाही.

लखनौची हवा पुण्यासारखी समजू नकोस. जानेवारीत धुकं पडतं, रात्रीचा पारा 6–7 अंशांवर येतो. मे-जूनमध्ये लू वाहते, 42 च्या पुढं जातो. तेव्हा खोलीच तापली तर पेटीला थंड बाजू उरतच नाही, म्हणून उन्हाळ्यात पेटी आतल्या खोलीत, भिंतीकडं घे. काळ्या पत्र्याच्या ट्रंकेवर ठेवायचा मोह होईल, टाळ. कात टाकायची वेळ आली, डोळे दुधाळ झाले, की एका डब्याला दार पाडून आत ओलसर शेवाळ ठेव. मात्र आख्खी पेटी ओली करायची नाही. नाहीतर पावसाळ्यात पोटाचे खवले सडतात.

बदली झाली, तर नव्या घरी पहिल्या दिवशी जुना आडोसाच दे, न धुता. त्याला स्वतःचा वास ओळखीचा असतो.

आता खोलीचं. पेटीला कडी, वर कुलूप. तरी निसटलाच, तर तो सोफ्याच्या पोटात, फ्रिजच्या मागं, बंद शेकोटीच्या धुराड्यात जाऊन बसेल. म्हणून साप आणायच्या आधीच मोरीला जाळी, दाराखाली पट्टी, धुराड्याला फळी. निसटल्या रात्री दारांत कणकेची पातळ रेघ ओढ. सकाळी माग दिसतो. त्याचाच आडोसा भिंतीलगत ठेव. एमईएसचे, म्हणजे लष्कराच्या बांधकाम खात्याचे लोक दुरुस्तीला येणार असतील, तर त्यांना आधी कल्पना दे, नाहीतर काठी आधी पडेल.

आणि पावसाळ्यात फ्रिजमागं काही हललं, तर आपलाच असेल म्हणून हात घालू नकोस. मण्यार रात्री घरात शिरते, तिचा दंश कधीकधी झोपलेल्याला कळतसुद्धा नाही. आधी टॉर्च मार, नीट पाहा. आपला नसेल तर दार लावून वनखात्याला फोन कर.