आईला शहर दाखवायचंय? आधी तिच्या गुडघ्याला विचारा

मैत्रिणींनो, मागच्या काही पाठांत आपण बचत, अंतर्गत कर्ज आणि घरखर्चाची वही शिकलो. या महिन्याचा पाठ जरा वेगळा आहे. हिशोब यातही आहे, पण तो रुपयांइतकाच पावलांचा आहे.

आपल्या जिल्ह्यातल्या कितीतरी आयांनी शहर पाहिलंय ते दवाखान्याच्या खिडकीतून. छत्रपती संभाजीनगर म्हटलं की त्यांना आठवतं ते घाटी. कोणाचं ऑपरेशन, कोणाचं बाळंतपण, कोणाच्या उशाशी काढलेल्या रात्री. शहर बघायला म्हणून, नुसतं डोळे भरून बघायला म्हणून त्या कधी गेल्याच नाहीत. उमेदीची वर्षं ऊसतोडीत, खुरपणीत, डोक्यावर पाणी वाहण्यात गेली. आता वेळ आहे, तर गुडघे नाहीत.

मग घरात काय होतं? आई एकदा म्हणते, "मला बी दाखव की गं एकदा." आपण म्हणतो, "तुला चालवत नाही, कुठं नेऊ तुला?" आई परत म्हणत नाही. तिची हौस संपलेली नसते, ती फक्त बोलायची थांबते. खरं बघितलं तर अशा वेळी कमी पडतो तो बेत. पैसा आणि पाय यांचा नंबर त्याच्या नंतर लागतो. बेत नीट बसवला, तर थोड्या पैशात आणि थोड्या पावलांत एक दिवस छान होतो. तो कसा बसवायचा ते आज शिकू.

पायरी १ : आईजवळ बसा आणि चार गोष्टी मोजा

बेत आईसाठी आहे, तर तो आईबरोबरच करायचा. तिला काय बघायचंय ते तिलाच विचारा. तिला देवदर्शन हवं असेल, बाजार हवा असेल, नाहीतर जुनी मैत्रीण भेटायला हवी असेल. मग या चार गोष्टी वहीत लिहा.

१) न बसता ती किती चालते? घरापासून मारुतीच्या पारापर्यंत तिच्या चालीने चाला आणि पावलं मोजा.
२) किती पायऱ्या चढते? कठड्याला धरून की तुमच्या हाताला धरून?
३) एका जागी किती वेळ बसू शकते? पाय सुजतात का?
४) जमिनीवर बसून उठता येतं का? संडासला उकिडवं बसता येतं का?

चौथा प्रश्न विचारायला आपण लाजतो. पण सगळा बेत तिथेच अडतो, म्हणून तो सोडू नका.

पायरी २ : पाणी आणि संडासाचं आधी ठरवा

आई प्रवासाला निघाली की आदल्या रात्रीपासून पाणी पिणं बंद करते. का? वाटेत लघवीला जायची सोय नसते, असली तर उकिडवं बसता येत नाही आणि लेकीला त्रास नको वाटतो. मग दुपारी चक्कर येते, लघवीला जळजळ होते, आणि घरचे म्हणतात, "बघ, तुला झेपत नाही." चूक सोयीची असते आणि बोल आईला लागतो.

म्हणून जाण्याआधी ठरवा : निघताना घरी, मग बसस्थानकावर, मग पोचल्यावर, आणि पुढे दर दोन-अडीच तासांनी. मोठ्या बसस्थानकावर शौचालय असतं. कमोड कुठे आहे ते तिथल्या माणसाला सरळ विचारा. लाज धरू नका. दाराच्या आत तुम्ही बरोबर जा, कडी लावायची घाई नको. आईला सांगून ठेवा, "पाणी प्यायचं. जागा शोधायचं काम माझं."

लघवीची, बीपीची, शुगरची गोळी चालू असेल तर त्या दिवशी ती कधी घ्यायची हे डॉक्टरांना किंवा आरोग्य केंद्रात विचारून घ्या. आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

वडिलांना नेत असाल तर अजून एक गोष्ट. पुरुषांच्या शौचालयात आपण आत जाऊ शकत नाही. भाऊ, भाचा किंवा मोठा नातू बरोबर हवाच.

पायरी ३ : एसटीच्या सवलती माहीत असू द्या

ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना एसटीत मोफत प्रवास आहे. ६५ ते ७५ वयाच्यांना निम्मं तिकीट. १७ मार्च २०२३ पासून आपल्याला, म्हणजे सगळ्या महिलांना, निम्मं तिकीट. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर ७५ टक्के सवलत आहे. सोबतच्या माणसाला काय मिळतं ते बसस्थानकावर विचारून घ्या.

आईचं आधार कार्ड बरोबर ठेवा आणि त्यावरची जन्मतारीख आधीच तपासा. बऱ्याच जणींच्या कार्डावर वय कमी लागलेलं असतं. प्रवास मोफत असला तरी कंडक्टरकडून शून्य रुपयांचं तिकीट मागून घ्या. ही सवलत एसटीची आहे. शहरातल्या बसचे नियम वेगळे असतात.

शक्यतो बीडहूनच सुटणारी बस धरा. लांबून आलेली, भरलेली बस दोन मिनिटं थांबते आणि त्या घाईत आईचा पाय घसरतो. बीडहून सुटणारी गाडी उभी असते, दाराजवळची जागा मिळते, सावकाश चढता येतं. ड्रायव्हर-कंडक्टरला आधीच सांगा, "दादा, आईचे गुडघे दुखतात, उतरताना जरा थांबा." सांगितलं की बहुतेक जण थांबतात.

चढण्या-उतरण्याचा नियम पाठ करा

चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात धरायची. आई चढताना तुम्ही तिच्या मागे, उतरताना तिच्या पुढे. दंडाला धरून ओढू नका, तुमचा हात पुढे करा आणि तिला धरू द्या. रिक्षात बसताना आधी पाठमोरं होऊन टेकायचं, मग पाय आत घ्यायचे. बसमध्ये दर थोड्या वेळाने पावलं वर-खाली हलवायला सांगा, म्हणजे सूज कमी येते.

पायरी ४ : एक दिवस, दोन जागा, जास्त नाही

बीडहून संभाजीनगर साधारण १३० किलोमीटर. गेवराई, शहागड, पाचोड करत तीन तास धरा. शहागडला गोदावरीचा पूल येतो, तिथे आईला खिडकीची जागा द्या.

शहरात पाणचक्की आणि बीबी का मकबरा या दोन जागा एकाच अंगाला आहेत. पाणचक्की बसस्थानकापासून जवळ आहे. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून इथे आणलं आणि त्या पाण्याच्या जोरावर दळण दळलं. दर्ग्यावर येणाऱ्या फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी पीठ इथे निघायचं. जिने पहाटे उठून जात्यावर पायल्या पायल्या दळलंय, तिला हे बघताना काही समजावून सांगावं लागत नाही. उलट तीच तुम्हाला समजावेल. इथे हौद आहे, मोठं वडाचं झाड आहे. सावलीत बसून भाकरी खायची आणि पाण्याकडे बघायचं.

मकबरा म्हणजे औरंगजेबाची बेगम दिलरास बानू हिची कबर. मुलगा आझमशाह याने आईच्या आठवणीत ती बांधली असं सांगतात. दरवाजातून आत गेलं की समोर लांब बाग आणि सरळ वाट आहे. मुख्य इमारतीच्या चौथऱ्यावर जायला मात्र पायऱ्या आहेत. आईला जमत नसेल तर वर जायचा हट्ट नको. बागेतून पूर्ण इमारत दिसते. चाकाची खुर्ची मिळते का, ते तिकीट खिडकीवर विचारा. आणि आईने म्हटलं, "मला हितंच बरं वाटतंय", तर ती सहल पूर्ण झाली असं समजा. तुम्ही वर जाऊन फोटो काढून तिला दाखवू शकता.

कोणाच्या आईला वेरूळला घृष्णेश्वराचं दर्शन घ्यायचं असेल तर तो वेगळा दिवस धरा. वेरूळ शहरापासून सुमारे ३० किलोमीटर पुढे आहे. लेण्याही बघायच्या असतील तर मंगळवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात.

वेळ अशी बसवा : सकाळी साडेसातला बीड, साडेदहाला संभाजीनगर, अर्धा तास बसस्थानकावर आराम आणि चहा. अकरा ते साडेबारा पाणचक्की, तिथेच जेवण. एक ते अडीच मकबरा. साडेतीनची परतीची गाडी, साडेसहाला बीड. बीडहून तुमच्या गावाला शेवटची गाडी किती वाजता आहे, ते सगळ्यात आधी लिहा आणि बाकीच्या वेळा त्यावरून मागे मोजा. गाडी चुकत असेल तर एक जागा कमी करा, किंवा बीडला पाहुण्यांकडे मुक्काम करा.

पायरी ५ : पैशाचा हिशोब

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेत. खरे दर तुमच्या बसस्थानकावर आणि रिक्षावाल्याला विचारून भरा. समजा आई ७६ वर्षांची आहे, बरोबर एक लेक, आणि बीड ते संभाजीनगर पूर्ण तिकीट २२० रुपये आहे.

आईचा एसटी प्रवास : ०
लेकीचा जाऊन-येऊन प्रवास (निम्मं तिकीट ११० × २) : २२०
रिक्षा, थांबण्यासकट, स्थानक ते स्थानक : ६००
दोन्ही ठिकाणची प्रवेश तिकिटं : १००
चहा, फळं (जेवण घरचं) : ६०
शौचालय : २०
एकूण : १,०००
अडीअडचणीला वेगळे : ३००
सगळे मिळून : १,३००

सगळ्यात मोठा आकडा रिक्षाचा आहे. पण तिथे काटकसर करू नका, कारण रिक्षा म्हणजे त्या दिवशी आईचे पाय. बसण्याआधीच भाव ठरवा : कुठे कुठे जायचं, किती वेळ थांबायचं, दरवाजाशी सोडायचं. काटकसर जेवणात, खरेदीत आणि जागा कमी करण्यात करा.

यासाठी गटाचं कर्ज काढू नका. दर महिन्याला १३० रुपये वेगळ्या डब्यात टाका, दहा महिन्यांत रक्कम जमते. आईला श्रावणबाळचे महिन्याला १,५०० रुपये मिळत असतील तर ते तिचे आहेत. तिने आपणहून काढून दिले तर घ्या, "तुझ्याच पैशातनं जाऊ" असं आपण म्हणू नये.

काठी, वॉकर, गुडघ्याचा पट्टा किंवा कमोड खुर्ची हवी असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजना बघा. ६५ वर्षांवरच्या आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांसाठी, अशा साधनांना एकदाच ३,००० रुपये बँक खात्यात देण्याची ही योजना आहे. अर्ज सध्या घेतात का, ते बीडच्या समाज कल्याण कार्यालयात विचारा.

पायरी ६ : आधी तालीम, मग सहल

एकदम १३० किलोमीटर नेऊ नका. महिनाभर आधी बीडलाच कंकालेश्वराला घेऊन जा. पाण्याच्या कुंडातलं ते मंदिर बघणंही होईल आणि बसमध्ये चढणं, रिक्षात बसणं, शौचालय शोधणं या सगळ्याची तालीमही होईल. घरी आल्यावर आईला विचारा, "कुठं जास्त दुखलं?" जे सांगेल ते बेतात बदला.

दिवस निवडताना एप्रिल-मे टाळा. दिवाळी ते महाशिवरात्र हा काळ चांगला. पण तुम्ही कोयत्यावर जात असाल तर तेव्हा तुम्ही गावात नसता. तुमच्यासाठी पावसाळ्यातली उघडीप, पोळ्याच्या आसपासचे दिवस बरे. रविवार आणि सुट्टीची गर्दी नको.

पिशवीत काय हवं

आधार कार्ड, गोळ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी, पाण्याची बाटली, भाकरी-चटणी, गूळ-शेंगदाणे, एक जादा लुगडं, हलका प्लॅस्टिकचा स्टूल (कुठेही टेकता येतं), टॉवेल, काठी. आईच्या पदराला नाव आणि तुमचा मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी बांधा. दागिने घरी ठेवा. १०८ आणि ११२ हे नंबर लक्षात ठेवा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाईन आहे.

बैठकीत करायचा अभ्यास

१) ज्यांच्या घरी चालायला त्रास असलेले आई, वडील, सासू, सासरे आहेत त्यांनी चार गोष्टी मोजून पुढच्या बैठकीला आणाव्यात.
२) गटातल्या प्रत्येकीने घरच्या वडीलधाऱ्यांना एकच प्रश्न विचारावा : "तुला काय बघायचंय?" उत्तर जसंच्या तसं लिहावं.
३) सचिव ताईंनी बीड, गेवराई, माजलगाव, अंबाजोगाई यांपैकी जवळच्या बसस्थानकावरून गाड्यांच्या वेळा आणि तिकिटं लिहून आणावीत.
४) जी जाऊन येईल तिने कमोड कुठे मिळाला, सावली कुठे होती, रिक्षाला किती पडले हे ग्रामसंघाच्या वहीत लिहावं. पुढच्या मैत्रिणीचा निम्मा बेत तिथेच तयार होईल.

हा अभ्यास इतिवृत्तात नोंदवा. पहिली सहल कोणाच्या आईची आणि कोणत्या महिन्यात, हेही त्याच बैठकीत ठरवून टाका. "बघू कधीतरी" असं लिहू नका. आपल्या आयांनी ते उत्तर फार वेळा ऐकलंय.