आकाशचित्रातील घर यंत्र कसे ओळखते

जबलपूरजवळ भेडाघाटास नर्मदेच्या दोन्ही तीरांवर संगमरवराचे पांढरे कडे उभे आहेत. आकाशातून सरळ खाली पाहता हा खडक आणि सिमेंटचे छप्पर यांतील भेद वाटतो तितका उघड नसतो. माणूस तो सावलीवरून आणि शेजारावरून ओळखतो. छपराच्या कडा सरळ असतात, जवळ अंगण असते, अंगणास वाट येऊन मिळते. यंत्रास हे शिकवावयाचे कसे?

यंत्राच्या लेखी छायाचित्र म्हणजे आकड्यांचा पट होय. स्वामित्व योजना २०२० साली सुरू झाली व तिच्या पहिल्या टप्प्यात मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र ही दोन्ही राज्ये होती. भारतीय सर्वेक्षण विभागाने ड्रोनच्या साहाय्याने गावठाणांची, मध्य प्रदेशात म्हणतात त्या 'आबादी'ची, छायाचित्रे घेतली. अशा चित्रातील एक बिंदू जमिनीवरील सुमारे ५ सेंटिमीटर जागा दाखवितो. म्हणजे ५ मीटर लांब व तितकेच रुंद छप्पर १०,००० बिंदूंचे झाले. प्रत्येक बिंदूस तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशाचा एकेक आकडा. एकूण ३०,००० आकडे, आणि 'छप्पर' हा शब्द त्यांत कोठेच नाही!

फ्रँक रोझेनब्लॅट यांच्या 'मार्क १ पर्सेप्ट्रॉन' या यंत्राचे अमेरिकेत १९६० साली प्रात्यक्षिक झाले. त्याच्या डोळ्यात ४०० प्रकाशघट होते. उत्तर चुकले की लहान मोटरी आतील रोधकांच्या खुंट्या किंचित फिरवीत, आणि पुढचे उत्तर सुधारे. आजही रीत तीच आहे. खुंट्यांच्या जागी आकडे आले आणि थर पुष्कळ झाले. आरंभीचे थर प्रकाशछायेची कड टिपतात, पुढचे कोपरा, त्याही पुढचे कौलांच्या ओळी. सहस्रावधी छपरांभोवती माणसाने आधी रेघ आखून दिलेली असते. यंत्राने काढलेली रेघ तिच्याशी ताडून पाहतात. आखणाऱ्याने कंटाळून गोठे सोडले, तर यंत्रही गोठे सोडावयास शिकते. केवळ सपाट प्रदेशातील छपरांवर शिकलेले यंत्र भेडाघाटच्या खडकास छप्पर म्हणण्याचा संभव असतो.

स्वामित्व योजनेत नकाशावरूनच घराच्या मालकीचे पत्रक मिळावयाचे असल्यामुळे सुटलेली एक भिंतही लहान गोष्ट नव्हे. म्हणून उड्डाणापूर्वी मिळकतींच्या हद्दींवर चुन्याची रेघ ओढतात. पांढरी रेघ वरून स्पष्ट उमटते. आंब्याच्या दाट छायेखाली मात्र चुनाही दिसत नाही. तेथे तयार नकाशा हाती घेऊन गावात जावे लागते, मालकास व शेजाऱ्यास विचारावे लागते आणि भिंत जमिनीवरूनच मोजावी लागते.