वादळ गेल्यानंतरचा गोठा

१६ मे २०२१, रविवार. तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकले आणि दुसऱ्या रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर धडकले. गोव्याच्या भूमीवर ते उतरलेही नाही. तरी राज्यात दोघांचा बळी गेला, शेकडो झाडे आणि विजेचे खांब आडवे झाले. पेडणे, बार्देशात कितीतरी वाड्यांवर दिवसचे दिवस वीज नव्हती.

गोठेवाल्याला वाऱ्यापेक्षा हीच गोष्ट महाग पडते. विहिरीवरचा पंप बंद, दूध काढायचे यंत्र बंद, संकलन केंद्रावरचा कूलर बंद. उन्हाळ्यात दुभती संकरित गाय दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी सहज पिते. दहा गाईंचे पाणी कळशीने ओढायला निघाले की खांदे बोलू लागतात. म्हणून पणजीच्या आल्तिनोवरील हवामान केंद्राचा इशारा आला की टाक्या, पिंपे, हौद काठोकाठ भरणे हे पहिले काम. दुसरी अडचण यंत्राची. यंत्राची सवय लागलेली गाय हाताला सहसा धार देत नाही, लाथ झाडते. दूध तुंबले की कास दगडासारखी होते आणि कासदाह मागे लागतो. यंत्र घेतलेल्या घरातही अधूनमधून हाताने धार काढत राहावी.

झाडांचे थोडक्यात सांगायचे तर सावलीसाठी जपलेला फणस गोठ्यावर झुकला असेल, तर त्याच्या फांद्या एप्रिलातच उतरवाव्यात. पत्र्यांचे हूकही तेव्हाच तपासावेत.

पुराचे गणित वेगळे. २३ जुलै २०२१ रोजी म्हादईने सत्तरीत आणि वाळवंटीने डिचोली तालुक्यात पात्र सोडले. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर, असे मुख्यमंत्री प्रमोद सावंत तेव्हा म्हणाले होते. पेडण्यात भीती तिळारी धरणाची. ऑगस्ट २०१९ मध्ये धरणातून सोडलेल्या पाण्याने इब्रामपूर, हसापूर, चांदेल या गावांची झोप उडवली होती. अंगणातला पाऊस थांबला म्हणून नदीकाठच्या माणसाने निर्धास्त होऊ नये, कारण नदीचे पाणी वरून, दोडामार्गाकडून येते.

अशा वेळी दावे जिवावर उठते. सुटे जनावर पोहते, उंचवटा गाठते. दाव्याला बांधलेले खुंट्यापाशीच बुडते. पावसाळ्यात एका हिसक्यात सुटेल अशीच गाठ मारावी. शिवाय गोठ्याच्या दारात, हाताला लागेल अशा उंचीवर, धारदार कोयता टांगलेला असावा. गुडघाभर पाण्यात, अंधारात, भिजून आवळलेली गाठ बोटांनी सुटत नाही. जनावरे कुठल्या माळावर न्यायची, वाट कुठली, हे उजेडी ठरवून ठेवावे आणि एकदा त्यांना त्या वाटेने चालवूनही आणावे. वासरू पुढे काढले की गाय मागून येते.

पाणी ओसरल्यावर भिजलेला पेंढा आणि पेंड ‘वाळवून घालू’ असा मोह होतो. तो आवरावा, बुरशीचे विष वाळवल्याने जात नाही. चार दिवसांचा सुका चारा माळ्यावर वेगळा ठेवलेला असला की हा मोहच होत नाही. चिखलात अनवाणी उतरू नये, लेप्टोस्पायरोसिसची भीती असते. तुटलेल्या तारेजवळ तर कुणीच जाऊ नये. आधी वीज खात्याला कळवावे.

जनावर दगावले तर घाईने पुरू नये. पशुवैद्यकाचा दाखला आणि पंचनामा झाल्याशिवाय भरपाईचा अर्ज पुढे सरकत नाही. कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी क्रमांक दिसेल असे प्रत्येक जनावराचे छायाचित्र आधीच काढून घरातल्या दोन मोबाइलवर ठेवावे.

घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्यापूर्वीच टोचून घ्यावी लागते. अंगात प्रतिकारशक्ती यायला दोन-तीन आठवडे जातात. तेव्हा पशुवैद्यकीय दवाखान्यात नाव मे महिन्यातच नोंदवा.