‘मानापमाना’ची पदरचना : खाडिलकर आणि गोविंदराव टेंबे

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर (१८७२–१९४८) यांची नाट्यपदे दुर्बोध आहेत, हा आक्षेप मराठी नाट्यसमीक्षेत इतका रूढ झाला आहे की, त्याची कारणमीमांसा करण्याची निकड सहसा कोणास भासत नाही. खाडिलकर थोर नाटककार खरे, पण कवी नव्हेत, असे म्हटले की प्रश्न मिटतो. वस्तुतः ही पदे कोणत्या क्रमाने घडली हे ध्यानात घेतल्यावाचून असा निवाडा देणे उचित नव्हे.

खाडिलकर सांगलीचे. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये ज्या गावी ‘सीतास्वयंवरा’चा प्रयोग केला, त्याच गावी त्यांचा जन्म व शालेय शिक्षण झाले. सांगलीलगतच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल हे तर किर्लोस्कर नाटक मंडळीचे नाट्यशिक्षक. तरीही खाडिलकरांची पदरचना देवलांच्या वाटेने गेली नाही. ‘शारदे’त (१८९९) देवलांनी साकी, दिंडी, अंजनीगीत अशा परिचित रचनाबंधांचा आश्रय घेतला. तेथे वाक्य आपल्या स्वाभाविक क्रमाने चालते. पात्र जणू बोलता बोलताच गाऊ लागते.

‘कीचकवध’, ‘भाऊबंदकी’ अशी गद्य नाटके लिहून कीर्ती मिळवलेल्या खाडिलकरांनी संगीत नाटकास हात घातला तो ‘मानापमाना’त. किर्लोस्कर मंडळीने १२ मार्च १९११ रोजी मुंबईत त्याचा पहिला प्रयोग केला. चालींची जबाबदारी गोविंदराव टेंबे यांच्याकडे होती. टेंबे हार्मोनियमवादक, भास्करबुवा बखल्यांच्या सहवासाने त्यांचा कान घडलेला. त्यांनी पूरब अंगाची ठुमरी, कजरी, दादरा यांचे वळण रंगभूमीवर आणले. चाल आधी ठरली आणि शब्द तिच्या मापाने बेतले गेले.

या क्रमाचा भाषेवर काय परिणाम झाला, हा खरा विचारणीय मुद्दा आहे. ठुमरीचे शब्द थोडे. ब्रजभाषेतील रूपे आटोपशीर आणि स्वरान्त. मराठीस मात्र विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये यांचे ओझे वाहावे लागते, आणि क्रियापद तर वाक्याच्या अखेरीस येते. मोजक्या मात्रांत हे सारे बसवायचे, शिवाय समेवर वजनदार अक्षर आणि तानेसाठी दीर्घ स्वर योग्य जागी आणायचा! अशा वेळी संस्कृत समास हाच जवळचा उपाय ठरतो, कारण समासात प्रत्यय गळतात व अक्षरे वाचतात. खाडिलकरांची तत्समप्रचुरता आणि त्यांचा विस्कळीत अन्वय यांमागे पांडित्याच्या हौसेइतकीच ही गरजही आहे.

पद दुर्बोध असूनही नाटक का अडत नाही, याचेही उत्तर येथेच मिळते. धनाच्या अभिमानाने भामिनी निर्धन सेनापती धैर्यधराचा अव्हेर करते, आणि पुढे वनमाला बनून त्याच्या सहवासात येते. हे कथानक, त्यातील मानापमानाचे सूक्ष्म पेच, सारे गद्यातून आधीच उलगडलेले असते. प्रेक्षकास कळलेली भावावस्था रेंगाळत ठेवणे एवढेच पदाचे काम उरते, आणि ते मुख्यतः टेंब्यांची चाल करते.

अर्थात सर्वच दोष चालीच्या माथी मारता येणार नाहीत. ‘स्वयंवरा’त (१९१६) संगीतदिग्दर्शक बदलले, भास्करबुवांच्या बंदिशी आल्या, पदांचा क्लिष्टपणा मात्र टळला नाही. खाडिलकरांचा कान गद्याचा होता, हे मान्य करावेच लागते.

चालींचे सामर्थ्य गायकपालटातही टिकले. पहिल्या प्रयोगातील धैर्यधर नानासाहेब जोगळेकर. १९२१ च्या ‘संयुक्त मानापमाना’त बालगंधर्वांच्या भामिनीसमोर केशवराव भोसले उभे राहिले, पुढे सातारा जिल्ह्यातील भाडळे गावी जन्मलेल्या छोटा गंधर्वांनी हीच भूमिका आपल्या निराळ्या, नाजूक गळ्याने गाजवली. छापील संहितेत पदाच्या माथ्यावर राग, ताल आणि मूळ चाल यांची एक ओळ असते. वर्गात बहुधा तीच गाळली जाते आणि खालच्या शब्दांचा अन्वय लावण्यात तास संपतो. पदाचे मूल्यमापन त्या गाळलेल्या ओळीपासून सुरू व्हावयास हवे.